ऑप्शनपुढे पूर्ण वाक्य लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावात शहापूरला माझे डीटीपीचे काम आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, मंडळांची पत्रके. बऱ्याचदा एकाच कागदावर मराठी आणि कन्नड. जुने छापील अहवाल परत टाइप करत बसण्यापेक्षा स्कॅन करून टेसरॅक्टकडून वाचून घेते. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, कमांड म्हणजे हुकमाची ओळ टाइप करून चालवायचे. त्या ओळीत जोडायच्या छोट्या सूचनांना ऑप्शन म्हणतात. त्याच्या मॅन्युअलमध्ये ‘-एल’ या ऑप्शनपुढे लिहिले आहे की भाषा दिली नाही तर इंग्रजी धरली जाईल आणि एकाहून जास्त भाषा अधिकच्या चिन्हाने जोडाव्यात. मराठी पान दिल्यावर रोमन अक्षरांचा कचरा का येतो, हे मला कुणाला विचारावे लागले नाही. पानाची मांडणी सांगणाऱ्या ऑप्शनला ० ते १३ असे आकडे आहेत, तर प्रत्येक आकड्यापुढे त्याचा अर्थ आहे.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात नेणारा एक प्रोग्राम आपल्याच भागातल्या मुलांनी केला आहे. काम उत्तम करतो, जोडाक्षरेही बिघडत नाहीत. पण हेल्प, म्हणजे प्रोग्राम कसा वापरायचा याची माहिती, उघडली तर ‘-एफ : फॉन्ट’, ‘-ओ : आउटपुट’, एवढेच. कुठला फॉन्ट, फाइलमध्ये असलेला की आपल्याला हवा असलेला? ‘-ओ’ दिलाच नाही तर नवी फाइल होते की आहे तीच बदलते? आहे तीच बदलते. एका संस्थेच्या अहवालाची मूळ फाइल गेली तेव्हा ते कळले. इतके चांगले काम करणाऱ्या मुलांनी ही एक ओळ लिहायची राहू द्यावी, याचे फार वाईट वाटते.

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स या संगणकप्रणालीचे पहिले मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चे. त्यात कमांडच्या माहितीखाली ‘बग्ज’ (दोष) असा वेगळा मथळा असे. आपल्या प्रोग्रामचे कुठे अडते, हे करणाऱ्यानेच तिथे लिहायचे.

बेळगावात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रोजेक्ट म्हणून असे प्रोग्राम करतात. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की गुण देण्याआधी हेल्पही वाचावी. ऑप्शन दिला नाही तर काय होईल, कुठली फाइल बदलेल, हे त्यात हवेच. शिवाय फाइलच्या नावासकट एखादी पूर्ण कमांड नमुन्याला द्यावी. हेल्प इंग्रजीत असली तरी माझे चालते. मराठी आणि कन्नडमध्येही दिली, तर माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुली माझी वाट न पाहता काम सुरू करतील.

एक वाचक, शहापूर, बेळगाव