ईरासाठी कविता

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज वाचला. शाळेतून ब्लॅक हिस्टरी मंथचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्याचा, कागद आलाय आणि तू म्हणतोस की ते गुलामांचे लिलाव, चाबूक वगैरे आठ वर्षांच्या पोरीला आत्ताच कशाला. अरे पण तिथूनच सुरुवात करायची असं सांगितलं कुणी? या माणसांची ओळख आपण पोरांना फक्त त्यांच्या हालअपेष्टांतूनच करून देतो, हे मला अजिबात पटत नाही.

तू ग्वेंडोलिन ब्रूक्स घे. शिकागोच्या साउथ साइडची कवयित्री, 1950 साली पुलित्झर हे मोठं अमेरिकन पारितोषिक मिळालं, ते मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. 1956 मध्ये तिने खास लहान मुलांसाठी ‘ब्रॉन्झव्हिल बॉइज अँड गर्ल्स’ लिहिलं, त्यात कवितांना मुलांचीच नावं आहेत. नार्सिसा बघ, बाकीच्या मुली चेंडू खेळतायत आणि ही परसात विटेवर बसून लिलीची फुलं बघता बघता मनातल्या मनात राणी होते. आणि ऑटो! ख्रिसमसला हवं ते मिळालं नाही, पण तोंड पाडायचं नाही कारण बाबांना कळता कामा नये, त्यांना आधीच जड जातंय. बास, एवढीच कविता. आमच्याकडे वाचली तर चिरंजीव लगेच, “पण बाबांना कळलंच असेल ना?” मग जेवणं होईपर्यंत तोच विषय. गरिबी काय असते हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मग लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीची ‘मदर टू सन’, 1922 ची. आई मुलाला सांगतेय की माझा जिना काही काचेचा नव्हता बाबा, त्यात खिळे होते, फळ्या उखडलेल्या, कुठे कुठे खाली काही अंथरलेलंच नाही, तरी मी अजून चढतेय. ही मोठ्याने वाच आणि प्लीज, तिचं ग्रामर दुरुस्त करू नकोस, ती घरात जशी बोलते तशीच लिहिलीय. बहिणाबाईंच्या ओळी आपण प्रमाण मराठीत करून वाचतो का? तसंच हे.

ह्यूजच्या अगदी सुरुवातीच्या कविता कुठे आल्या माहितीये, ‘द ब्राउनीज बुक’ या मासिकात. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या डू बॉइस आणि मंडळींनी 1920 ला खास कृष्णवर्णीय मुलांसाठी काढलं होतं, कारण तेव्हाच्या पुस्तकांत त्या मुलांना आपल्यासारखं कुणी दिसायचंच नाही, आणि दिसलं तर टिंगलीसाठी. दोनच वर्षं चाललं, फार वाईट वाटतं.

गुलामगिरीचे प्रश्न ईरा विचारेलच, तेव्हा खरं ते सांग, टाळू नकोस. थोडी मोठी झाली की डनबार या कृष्णवर्णीय कवीची पिंजऱ्यातल्या पक्ष्याची कविता दे, ‘सिंपथी’, 1899 ची. त्याचे आईवडील दोघंही गुलामीत राहिलेले आणि हा स्वतः ओहायोतल्या डेटन शहरात लिफ्ट चालवायचा. रक्ताळलेले पंख आहेत त्यात, म्हणून आत्ता नको.

ब्रूक्सचं पुस्तक लायब्ररीत बघ, 2007 च्या आवृत्तीत फेथ रिंगगोल्ड या चित्रकर्तीची चित्रं आहेत, मिळाली तर तीच घे. आणि ईराला कुठलं पोरगं आवडलं ते कळव, मला खरंच ऐकायचंय.

तुझा,
अभ्या