किनाऱ्यावरचा प्रत्येक दंश नोंदवा : बॉक्स जेलीफिशबाबत सागरी खात्याच्या मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

उष्ण कटिबंधात बॉक्स जेलीफिश हा विषारी दंश करणारा सागरी प्राणी कुठे आढळतो हे दाखवणारा नकाशा पाहिला, तर उत्तर ऑस्ट्रेलियाचा किनारा भरून गेलेला दिसतो आणि बाकी ठिकाणी तुरळक ठिपके. हा फरक बराचसा शोध घेण्यातला आहे. १९५५ साली क्वीन्सलंडमध्ये कार्डवेलला पाच वर्षांचा मुलगा दंशाने दगावला. डॉ. ह्यूगो फ्लेकर यांच्या आग्रहावरून तिथे जाळी टाकली गेली आणि पुढच्याच वर्षी 'कायरोनेक्स फ्लेकेरी' ही जात विज्ञानाला माहीत झाली. जपान आणि फिलिपिन्सच्या पाण्यातल्या भावंड जातीला नाव मिळायला २००९ उजाडले, थायलंडमधल्या जातीला २०१७. त्याआधीही माणसे त्या पाण्यात उतरत होती, दंश होत होते. नोंद नसली की प्राणीच नाही असे गृहीत धरले जाते, आणि माझी तक्रार नेमकी याच गृहीताबद्दल आहे.

हा प्राणी लाटांवर वाहत येणारा लिबलिबीत गोळा नव्हे. त्याला २४ डोळे असतात, त्यांतल्या काहींना भिंगही असते. तो स्वतः पोहतो, अडथळे टाळतो, खवळलेल्या पाण्यापासून दूर राहतो. 'कायरोनेक्स फ्लेकेरी' उथळ, शांत, वाळूच्या किनाऱ्याशी कोळंबीच्या मागावर येते. लहान मुलांना पोहायला आपण सुरक्षित समजतो ती जागा हीच. लाल बावटा मात्र आपण लाटा पाहून लावतो! पूर्ण वाढलेल्या प्राण्याला दंश करणाऱ्या साठपर्यंत दोऱ्या (शुंडके) असतात आणि त्या तीन मीटरपर्यंत ताणल्या जातात. दंश मोठा असेल तर काही मिनिटांत हृदय थांबते, रुग्णवाहिकेची वाट पाहण्याइतकाही वेळ मिळत नाही.

मोठेपणी किनाऱ्यावर दिसणारा हा जीव लहानपण खाडीत काढतो. अंड्यातून निघालेली अळी दगडाच्या खालच्या बाजूला चिकटते आणि तिचा जेमतेम दिसेल एवढा पॉलिप, म्हणजे एका जागी चिकटून राहणारी अवस्था, होतो. हंगाम आला की एका पॉलिपची एकच जेलीफिश बनते आणि ती नदीमुखातून समुद्राकडे निघते. 'फ्लेकेरी'चे पॉलिप १९८०च्या दशकात कांदळवनाच्या खाडीत सापडले. बहुतेक जातींचे पॉलिप निसर्गात अजून कुणी पाहिलेलेच नाहीत. म्हणजे पुढच्या हंगामाची चाहूल जिथे लागू शकते, ती जागाच आपल्याला ठाऊक नाही. (यावरून कुणी कांदळवने साफ करण्याचा प्रस्ताव आणला, तर कृपया फेटाळा. तिथे माशांची पिल्लेही वाढतात.)

एकच सरसकट फलक सगळीकडे चालणार नाही. 'कारुकिया बार्नेसी' ही दुसरी बॉक्स जेलीफिश जेमतेम सेंटिमीटरभर असते आणि पोहण्याच्या जागेभोवतीच्या संरक्षक जाळीतून सहज आत येते. तिच्या दंशाच्या असह्य वेदना बहुधा अर्ध्या तासाने सुरू होतात, तोवर माणूस पाण्याबाहेर येऊन दंश विसरलेलाही असतो. हवाईच्या किनाऱ्यावर 'अलाटिना' ही आणखी एक बॉक्स जेलीफिश पौर्णिमेनंतर साधारण आठ ते बारा दिवसांनी थव्याने येते. उत्तर ऑस्ट्रेलियात 'फ्लेकेरी'चा धोका साधारण नोव्हेंबर ते मेमध्ये जास्त. दुसरीकडचा हंगाम तिथल्या नोंदींवरूनच ठरवावा लागेल, ऑस्ट्रेलियाचे वेळापत्रक उचलून नव्हे.

म्हणून पहिली मागणी : किनाऱ्यावरच्या प्रत्येक रुग्णालयाला जेलीफिशच्या दंशाची नोंद सक्तीची करा, त्यात जागा, वेळ, भरती-ओहोटी आणि त्वचेवरच्या वळांचे छायाचित्र असू द्या. बुडून मृत्यू असे लिहिण्याआधी अंगावर वळ आहेत का ते पाहिले जावे. मासेमारांना विचारा, जाळ्यात काय येते ते त्यांना आधी कळते.

दुसरी मागणी खर्चाने अगदी किरकोळ आहे. जिथे हे प्राणी असल्याची शंका आहे, त्या किनाऱ्यांवर व्हिनेगर ठेवा. दंशावर निदान अर्धा मिनिट ओतले की न फुटलेल्या दंशपेशी निकामी होतात. वेदना त्याने थांबत नाहीत आणि शरीरात गेलेले विष बाहेर येत नाही, म्हणून शुद्ध हरपलेल्या माणसाच्या छातीवर दाब देणे जीवरक्षकांना आणि किनाऱ्यावरच्या विक्रेत्यांना शिकवावे लागेल. गोडे पाणी ओतू नये, वाळूने चोळू नये, हेही त्याच फलकावर हवे.

पर्यटन घटेल या भीतीने फलक अडवले जातात असे ऐकतो. आपण तसे होऊ देऊ नये. येत्या हंगामाआधी नोंदीचा आदेश निघावा, एवढी विनंती.

आपला,
सागरी जीवांचा एक अभ्यासक