गवत तेवढं जाळू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ओहोटी लागली की अलिबागच्या किनाऱ्यावरून पर्यटकांना कुलाबा किल्ल्यात नेणारे टांगे दिसतात, त्यातला एक माझा. घोडे दोन, तुफान आणि सोनी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. अमावास्या किंवा पौर्णिमा रविवारी आली की भर दुपारी भरती, म्हणजे गिऱ्हाईक किनाऱ्यावर आणि माझी वाट पाण्याखाली. पावसाळ्याचे चार महिने तर टांगा ताडपत्रीखालीच. दोघांचं खाणं मात्र बाराही महिने सुरू.

आमच्या वडिलांच्या वेळी भिजवलेले दोन किलो चणे, वर थोडा गूळ, ही एका घोड्याची रोजची चंदी. आता चण्याचा भाव विचारतानाच घसा कोरडा पडतो. एक किलो चणे घालतो आणि तोबरा कोंड्याने फुगवतो. जनावरांचे डॉक्टर म्हणतात, नुसत्या कोंड्यावर ठेवू नका, हाडं बिघडतात. पटतं, पण खिशाला पटत नाही. घोडं पेंड खातं ते इथेच, आणि पेंडही स्वस्त राहिलेली नाही म्हणा!

तरी चंदीवर हात आखडता घेता येतो, गवतावर नाही. घोड्याचं पोट लहान, त्याला दिवसभर थोडं थोडं चघळायला लागतं. एका घोड्याला दिवसाला सहा-सात किलो सुका चारा हवाच. भाताचा पेंढा गाईम्हशी रवंथ करून पचवतात, घोड्याला तो तितका मानवत नाही. आणि आमच्या दमट हवेत पेंढ्याला बुरशी चढायला वेळ लागत नाही. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने तबेल्याचे पत्रे उडाले, वर्षाची सगळी बेगमी भिजली, तेव्हापासून मी प्रत्येक पेंढी हुंगूनच घोड्यांपुढे टाकतो.

पूर्वी गवत विकत घ्यायची वेळच येत नव्हती. दसरा झाला की वरकसावर, म्हणजे भात न पिकणाऱ्या माळावर, विळा घेऊन जायचं, मालकाला विचारायचं, भारे बांधायचे. आता त्याच वरकसावर कंपाउंड आहेत. 2020 च्याच मार्चपासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं आणणारी बोट, सुरू झाली. गिऱ्हाईक वाढलं, खोटं कशाला बोलू. पण प्लॉटही विकले गेले. आत कमरेएवढं गवत, फाटकाला कुलूप. होळीच्या सुमारास कुणीतरी काडी लावतो, नाहीतर शेजारचा वणवा आत शिरतो, आणि मी लांबून गाडीभाडं भरून आणलेलं गवत घोड्यांपुढे टाकत तो धूर बघतो.

एका बंगल्याच्या राखणदाराने भल्या मनाने लॉनच्या कापणीचं गवत दोन पोती भरून दिलं. हिरवंगार, मीही हरखलो. संध्याकाळी पोत्यात हात घातला तर आत चुलीजवळ धरल्यासारखी ऊब. तरी टाकलं, चूक माझीच. रात्री सोनी पोटावर लाथा मारायला लागली, मान वळवून कुशीकडे बघायची, बसायची, लोळायची. घोड्याला ओकता येत नाही, पोटात गेलं ते गेलं. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, पुढे पहाटेपर्यंत मी तिला वाळूत चालवत होतो. पहिली लीद पडली तेव्हा माझ्या बायकोने देवाला नारळ बोलला. तेव्हा बंगलेवाल्यांनो, यंत्राने बारीक केलेलं ओलं गवत कृपा करून देऊ नका. प्लॉटवरचं उभं, वाळत आलेलं गवत द्या.

दसऱ्यानंतर एक दिवस फाटक उघडा. विळे आमचे, माणसं आमची, झाडाच्या रोपाला धक्का लागणार नाही. प्लॉट साफ होईल, वणव्याची धास्ती जाईल.

गेल्या वर्षी एका मालकाने असं फाटक उघडलं होतं. दोन दिवसांत साठ भारे निघाले, पैसे घेतले नाहीत, नातवंडांना किल्ल्याची एक फेरी तेवढी मागितली. यंदा त्यांना फोन केला तर प्लॉट विकला म्हणाले. नव्या मालकांचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. गवत आताच छातीला लागलंय. ते आपलं वर्तमानपत्र वाचत असतील, म्हणून हे पत्र.

आपला,
एक टांगेवाला, अलिबाग