काका, फिल्म समोरून दाखवलीत म्हणून

ती. काकांना सा. न.

नाव लिहायचं नाही, असं तुम्ही फोनवर बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. रेस कशी होते हे लोकांना थोडंफार ठाऊक असतं. रेस संपल्यावर स्टुअर्ड लोकांच्या, म्हणजे रेसचे नियम मोडल्याची चौकशी करणाऱ्या साहेबांच्या, खोलीत जॉकीचं काय होतं, याचा कुणालाच पत्ता नसतो. आमच्या घरातच जॉकी आहे, माझा धाकटा भाऊ, तरी आम्हालाही नव्हता.

पुण्याच्या पावसाळी सीझनमधली ती रेस. शेवटचं वळण संपून घोडे सरळ पट्ट्यात आले, धाकटा रेलला, म्हणजे आतल्या कठड्याला, लागून. बाहेरून पुढे निघालेला घोडा आत सरकला, धाकट्याच्या घोड्याचे पुढचे पाय त्याच्या मागच्या टाचांना लागले आणि घोडा तोंडावर आला. घोडा उठला, मोकळ्या रिकिबी आपटत पळतही सुटला. हा उठला नाही. कॉलर बोन आणि बरगड्या. हेल्मेट आणि आतलं जाड जाकीट होतं म्हणून तेवढ्यावर निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. १९७९ साली महालक्ष्मीवर पडून जॉकी कार्ल उम्रीगर गेला, तेव्हा तो विशीतही नव्हता. रेसकोर्सच्या आसपास राहणाऱ्या घरांत ते नाव अजून निघतं, आणि त्या रात्री आमच्या घरात निघायला नको होतं, पण निघालंच.

आईनं हॉस्पिटलच्या बाकावर एकच धोशा लावला होता: त्या आत सरकलेल्या पोराचं लायसन कायमचं काढून घ्या. मी तर अर्जच लिहून ठेवला होता, ‘जाणूनबुजून’ या शब्दाखाली दोन रेघा मारून. सकाळी तुम्ही शहाळी घेऊन आलात, अर्ज वाचलात, घडी करून स्वतःच्या खिशात टाकलात आणि विचारलंत, “फिल्म बघितलीस?”

मी म्हटलं, बघितली की, किती वेळा!

“ती बाजूनं घेतलेली. ती पब्लिकसाठी. आता समोरून घेतलेली बघ.”

मग त्या बाकावरच तुमच्या मोबाइलवर ती काही सेकंदांची क्लिप. पुढेमागे, पुढेमागे. बाजूच्या कॅमेऱ्यात सगळे घोडे एकमेकांना चिकटलेले दिसतात, त्यात कोण किती सरकलं हे कळतच नाही. समोरून बघितल्यावर रेलचे खांबच मोजपट्टीसारखे कामाला आले. एका खांबापाशी त्या दोघांत तिसरा घोडा मावेल एवढी जागा होती. पुढच्या खांबापाशी हातभर. त्याच्या पुढे काहीच नाही. आपल्याकडे घोडे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पळतात, म्हणजे रेल उजव्या हाताला. त्या पोराचा चाबूक होता डाव्या हातात. घोडा चाबकापासून लांब पळतो, म्हणजे डावीकडून मारलं की उजवीकडे, थेट आमच्या धाकट्याच्या अंगावर. तुम्ही चित्र थांबवून म्हणालात, “इथं त्यानं चाबूक थांबवायला पाहिजे होता. किंवा हात बदलायला. मान खाली घालून आणखी मारत राहिला. उजव्या खांद्यावरून एकदाही बघितलं नाही. ही त्याची चूक, आणि ती शिक्षेचीच चूक आहे.”

मग क्लिप अगदी थोडी पुढे नेलीत. “आता घोड्याची मान बघ.” मान डावीकडे वाकलेली होती. म्हणजे त्यानं डावा लगाम ओढला होता. ताशी साठच्या आसपास वेगानं पळणारं अर्धा टन वजन, आणि पाठीवर पन्नास-पंचावन्न किलोचं पोरगं. तेवढ्यात सरळ होणं शक्य नव्हतं. “पण ओढला तर खरा,” तुम्ही म्हणालात. “मुद्दाम करणारा ओढत नाही. आता तुझा अर्ज परत देऊ का?”

नका देऊ, काका. तुमच्याकडेच राहू द्या.

पण एवढ्यावरच आभार मानायचे असते, तर फोन पुरला असता. खरी मदत पुढे झाली. साहेब लोकांनी एन्क्वायरी पुढे ढकलली होती, धाकटा उभा राहून बोलू शकेल तोपर्यंत. तो झोळीत हात घालून घरी आला, त्या संध्याकाळी तुम्ही त्याला खुर्चीवर बसवून उलटतपासणी घेतलीत. आम्हाला वाटलं होतं, याला कोण काय विचारणार, हा तर पडलेला! तुमचा पहिलाच प्रश्न होता: “फट होती म्हणून गेलास, की बुजत चाललेल्या फटीत घुसलास?” आई तुमच्यावर चिडली होती, आठवतं? पण खोलीत नेमकं तेच विचारलं गेलं. तू हाक मारलीस का, कधी मारलीस, घोडा मागे घ्यायला जागा होती का. तुम्ही त्याला एवढंच शिकवलं होतं: जे दिसलं ते सांग, “मला वाटलं” हे शब्द तोंडातून काढू नकोस, आणि त्या दुसऱ्या पोराच्या मनात काय होतं हे तू सांगायचं नाहीस. तो तसंच बोलला. त्या दुसऱ्या पोरालाही पूर्ण फिल्म दाखवली, बोलायला दिलं, त्याच्या ट्रेनरचं म्हणणं ऐकलं. निकाल लागला: निष्काळजीपणे घोडा चालवला, पुरेसा पुढे गेलेला नसताना आत आला. काही रेसच्या दिवसांची बंदी.

माझा पारा पुन्हा चढला. एवढ्याशा दिवसांत काय होतं?

तुम्ही त्यावर जे सांगितलंत ते मी अजून घोळवते आहे. इंग्लंडच्या नियमांत तीन पायऱ्या आहेत: निष्काळजी, गैर आणि धोकादायक. धोकादायक ठरलं, तर जॉकीबरोबर घोडाही बाद. पण तिथपर्यंत जायला पुरावाही तसाच लागतो. प्रत्येक चुकीला सगळ्यात वरची पायरी लावायची म्हटलं, तर साहेबांचा हात कचरतो आणि दहांतले नऊ जण मोकळे सुटतात. “पोरांना वर्षाच्या बंदीची भीती नसते,” तुम्ही म्हणालात, “कारण ती आपल्याला कधीच लागणार नाही असं प्रत्येकाला वाटतं. पुढच्या रविवारचा माउंट जाणार, याची भीती असते.” माउंट म्हणजे रेसमध्ये चढायला मिळालेला घोडा. तो दुसऱ्याला जातो, दुसरा जिंकतो, मालक-ट्रेनर खूश होतात आणि घोडा परत हाती येत नाही. राइडिंग फी गेली, बक्षिसातला वाटा गेला, ते वेगळंच. धाकट्याच्याच घोड्यांचं काय झालं हे डोळ्यांसमोर होतं, म्हणून पटलं.

तुमच्याकडे दाखलेही पोतंभर. ऑस्ट्रेलियातला २०१५चा मेलबर्न कप लोकांना आठवतो तो मिशेल पेन हिच्यामुळे. शंभराला एक भाव असलेल्या प्रिन्स ऑफ पेन्झान्सवर ती जिंकली, हा कप जिंकणारी पहिली बाई. त्याच रेसमध्ये दुसऱ्या आलेल्या मॅक्स डायनामाइटवर फ्रँकी डेटोरी होता. एवढा मोठा जॉकी, पण वाट काढताना दुसऱ्यांना अडवलं म्हणून निष्काळजीपणाबद्दल महिनाभराची बंदी आणि वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दंड. घोड्याचा दुसरा नंबर मात्र कायम राहिला. याउलट अमेरिकेतली २०१९ची केंटकी डर्बी. मॅक्झिमम सिक्युरिटी पहिला आला, वळणावर बाहेर सरकून त्यानं दुसऱ्यांची वाट अडवली होती, वीसेक मिनिटं लाखभर माणसं ताटकळली आणि शेवटी त्याला खाली आणून सतरावा केला. पासष्टला एक भावाचा कंट्री हाउस विजेता. जॉकी लुईस साएझला पंधरा दिवस. मी तोवर समजत होते की घोडा बाद झाला तर जॉकी दोषी, आणि नाही झाला तर सुटला. हे दोन वेगळे निवाडे आहेत हे तुमच्याकडून कळलं. नंबर बदलायचा की नाही, यात प्रश्न असतो तो अडथळा नसता तर पुढे कोण आलं असतं, आणि अमेरिकेत तर तेवढाही नाही. तिथे साधारणपणे अडवलं आणि त्यामुळे समोरच्याचा नंबर गेला, एवढं पुरतं. जॉकीची शिक्षा त्याच्या हातांनी काय केलं यावर ठरते. तिकीट फाडून शिव्या घालणाऱ्या आपल्या पब्लिकला हे कुणी सांगत नाही, हेही खरंच.

एका गोष्टीवर आपलं जमलेलं नाही आणि ते इथे लिहायला हरकत नसावी. तुम्ही म्हणता, शिक्षा चालवण्याकडे बघून द्यायची, समोरचा पडला की वाचला याकडे बघून नाही. तीच चूक करून कुणी पडलं नाही तरी तेवढेच दिवस. डोक्याला पटतं. पण ज्या घरात माणूस झोळीत हात घालून बसलाय, त्या घराला नाही पटत. आणि दुसरं म्हणजे मोठ्या जॉकींची बंदी सुरू कधी होते ते. सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसजवळ सँ-क्लूला क्रिस्तोफ सुमियोंनं धावत्या घोड्यावरून रॉसा रायनला कोपर मारून खाली पाडलं. त्यात निष्काळजीपणाचा प्रश्नच नाही, सरळ मारलं. साठ दिवसांची बंदी झाली. पण ती लगेच लागू झाली नाही, आणि दोनच दिवसांनी गडी प्री द लार्क द त्रिओंफसारख्या मोठ्या रेसमध्ये उतरून दुसरा आला! पुढे आगाखानांच्या तबेल्यानं त्याच्याशी करार तोडला, तेव्हा कुठे हिशेब चुकता झाल्यासारखं वाटलं. यावर तुम्ही फक्त “हं” म्हणालात. त्या ‘हं’वर आपण पुन्हा एकदा बसून बोलू.

तो मुलगा घरी आला होता, हे तुम्हाला अजून कुणी सांगितलं नसेल. बंदी संपायच्या आधी आला. दारात उभा, चप्पल काढू की नको अशा अवस्थेत. तुम्हीच पाठवलं असणार असा आम्हाला संशय आहे. तो कबूल करत नाही. आईनं पाणी दिलं, बाकी बोलली नाही. धाकट्यानं त्याला विचारलं, “माझी हाक आली नव्हती?” तो म्हणाला, “खरंच नाही आली.” मग दोघं घोड्यांवर बोलायला लागले, कुठला हल्ली कसा पळतो, कुणाच्या तोंडात कुठला लगाम. मला ते थोडं आवडलं नाही. पण त्यांना पुढची वीस वर्षं एकमेकांच्या वीतभर अंतरावरून पळायचंय, मला नाही.

तर काका, आभार. अर्ज खिशात टाकल्याबद्दल, धाकट्याला अडचणीचे प्रश्न आधीच विचारल्याबद्दल, आणि आईचा राग निमूट सोसल्याबद्दल. पोलीस केस करा, वकील लावा असे सल्ले देणारे पुष्कळ होते. तुम्ही एकटेच फिल्म बघा म्हणालात.

आणि एक मागणं. धाकटा म्हणतो की शिकाऊ पोरांना समोरून घेतलेली फिल्म दिसते ती बहुतेक आरोप आल्यावरच. तुम्ही आठवड्यातून एक सकाळ त्यांना घेऊन बसा. कामं आटोपली की तासभर, चहा आमच्याकडून. हात कधी बदलायचा, मागे कधी बघायचं, घोडा लाइन सोडतोय हे मांडीला कसं कळतं, हे तुमच्यासारखं सांगणारं दुसरं कुणी नाही. धाकटा परत सकाळच्या कामाला जायला लागला आहे, रेसची परवानगी डॉक्टर देतील तेव्हा देतील. तोवर तो पोरं गोळा करायला तयार आहे.

आईनं गौरीच्या जेवणाला बोलावलंय, काकूंना घेऊन या. त्या दिवशी रेस असली तर शेवटची रेस झाल्यावर या, पुरणपोळ्या झाकून ठेवू.

तुमची,
धाकट्याची ताई
वानवडी, पुणे