ठमीचं तोंड

पुणे, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

सहा महिने पत्र नाही, तुझे दोन फोन उचलले नाहीत, दिवाळीलाही नुसता फराळाचा फोटो पाठवला. रागव, तुझा हक्क आहे. पण आधी हे वाच. आपल्या ठमी मांजरीला तोंडाचा कॅन्सर झालाय.

आईचा गुडघा तसाच आहे, माझी साखर आटोक्यात.

ऑगस्टपासून ठमीच्या तोंडाला वास यायचा. मला वाटलं, तेरा वर्षांची म्हातारी, दात किडले असतील. मग ती बशीपाशी जाऊन, वास घेऊन परत फिरायला लागली. बांगड्याच्या डोक्यासाठी आपल्याशी भांडणारी ठमी! खाल्लंच तर मान वाकडी करून एकाच बाजूने, तेही अर्धं तोंडातून खाली. अंग चाटणं थांबलं, पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या. एक दाढ हलत होती, ती काढून घेतली. तीन आठवडे झाले तरी खळगा भरेना. मग एका सकाळी माझ्या उशीवर गुलाबी लाळेचा डाग दिसला.

दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तोंड उघडून खालून जबड्याच्या मधोमध अंगठ्याने दाबलं, जीभ वर उचलली गेली, आणि खाली चिघळलेली गाठ. एवढंच करायचं होतं रे. जंताच्या गोळ्या देताना इतकी वर्षं हेच तोंड उघडतोय मी, आणि जिभेखाली एकदाही पाहिलं नाही.

गुंगी देऊन तुकडा काढला, तपासला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. मांजरांच्या तोंडात जे कॅन्सर होतात त्यात हाच सर्वांत जास्त, आणि बहुतेक वेळा म्हातारपणी. तो लांब फारसा पसरत नाही, आहे तिथेच खोल शिरतो, हाड पोखरतो. म्हणून दाढ हलत होती. दाढेचा दोषच नव्हता, तिच्याखालचं हाड जात होतं. गाठ जबड्याच्या पुढच्या टोकाला आणि लहान असती तर तेवढा भाग काढता आला असता. हिची जिभेच्या मुळाशी गेलीय. उपचार करूनही बरीचशी मांजरं वर्ष काढत नाहीत, उपचार नसले तर दोन-तीन महिने. ऑगस्टपासून मोज. मी रोज मोजतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. २००३ साली अमेरिकेत अशा मांजरांच्या घरांचा एक अभ्यास झाला होता. पिसवा मारायचा गळ्यातला पट्टा वापरणाऱ्या मांजरांत धोका पाचपटीच्या आसपास निघाला, डब्यातलं खाणं जास्त खाणाऱ्यांतही वाढलेला. घरातल्या धुराबद्दल दाट संशय आहे, पुरावा तेवढा पक्का नाही. धूर केसांवर बसतो आणि मांजर तो चाटून पोटात घेतं. बंड्या, हे वाक्य मी पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकलंय. शनिवार पेठेतल्या खोलीत, २०१२ च्या पावसाळ्यात, ती तुझ्या रेनकोटच्या खिशातून आली त्याच आठवड्यात. तू माझं सिगारेटचं पाकीट तांदळाच्या डब्यात लपवलंस, काकूंच्या खिचडीत तंबाखू निघाली, आणि आपण दोघंही महिनाभर मेसबाहेर! तेव्हा मी तुला नाही नाही ते बोललो. पट्टा तू आणला होतास, पण तिने तो दुसऱ्याच दिवशी काढून फेकला, तेव्हा ते मनातून काढून टाक. सिगारेट मी २०१९ पर्यंत ओढत होतो. गॅलरीत, ती मांडीवर असताना. एका मांजराबद्दल असं छातीठोक सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. मी ऐकलं. झोप काही येत नाही.

दुखण्यावर वजनाप्रमाणे मोजून थेंब देतो, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागतं. आईने परवा मायेने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी काढली होती. मी ओरडलोच. मांजराला ती विष आहे, रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं. आई रडली, मग मीही. उकडलेलं चिकन पाणी घालून वाटून देतो, कधी चाटते, कधी नाही. चार किलोची होती, आज दोन किलो नऊशे.

शेवटचं इंजेक्शन कधी, हे आपणच ठरवायचंय. खाते का, अंग चाटते का, दाराशी येते का, हे बघा असं बाई सांगतात. खाणं जवळपास गेलं. पण काल संध्याकाळी तिने पुढचा पंजा चाटला, दोनदाच. हा दिवस कुठल्या बाजूला धरू?

चिंगीची बारावी कशी चाललीय? बदली रद्द झाली हे कळलं, बरं झालं. वहिनींना नमस्कार. आणि तुझ्या काळूचं तोंड आज रात्रीच बघ, जिभेखालीसुद्धा. अंगठा कसा लावायचा ते वर लिहिलंय.

तू ये. नागपूरहून गाडीचं तिकीट मिळालं नाही तर ट्रॅव्हल्सने ये, पण रविवारपर्यंत ये. तुझी ती दोन बोटांची शीळ अजून दुसऱ्या कोणाला जमलेली नाही, मी रोज करून बघतो, ती कान हलवते आणि दाराकडे बघते. तू येईपर्यंत बाईंना दिवस सांगत नाही. तिचा त्रास वाढला तर मात्र थांबणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तुझा,
दादू