तू झोपला होतास, पण होतास

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा रात्री वाचलं आणि काल दिवसभर खिशात घेऊन हिंडलो. नोकरीवरची टांगती तलवार, वहिनींचा अडकलेला रिपोर्ट, परदेशात शिकणाऱ्या लेकाची काळजी, चार पानांत सगळं आलंय. पण मी अडखळलो ते शेवटच्या ओळींपाशी. ‘रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं, प्रार्थनेला बसतो तर शब्द फुटत नाही. माझा विश्वास खोटा तर नाही ना?’ खाली सहीसुद्धा धड केलेली नाहीस. पेन टेकवलंस आणि उचललंस असं दिसतंय.

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. नाही. खोटा नाही.

हे मी कोणत्या तोंडानं सांगतोय ते तुला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वीचा तो आठवडा आठव. सोमवारी माझी नोकरी गेली आणि गुरुवारी बाबांना आयसीयूत हलवलं. रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते, असं बायबलात योहान लिहितो. तुला भीती वाटते, म्हणजे कुठंतरी कमी पडतंय.’ बोलले मायेनंच. पण त्या दिवसापासून मला एकाच्या दोन भीती झाल्या. एक बाबांची, आणि दुसरी, आपण घाबरतोय याची.

तो उतारा एकदा काढून बघ, योहानाचं पहिलं पत्र, चौथा अध्याय. योहान तिथं न्यायाच्या दिवसाबद्दल बोलतोय. देव आपल्याला शिक्षा करील, झिडकारील, ही जी भीती, ती प्रीतीपुढं टिकत नाही, असं त्याचं म्हणणं. डॉक्टर बाहेर येताना दिसले की पोटात गोळा येतो, त्या भीतीचा तिथं विषयच नाही. एवढं कळायला मला दोन वर्षं लागली. त्या गृहस्थांवर आता राग नाही. म्हणजे, थोडा आहे.

दावीद राजाचं 56 वं स्तोत्र तुला तोंडपाठ असेल. ‘मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन.’ वाटेल तेव्हा! वाटणारच आहे, हे धरूनच चाललाय तो. मथळ्यात म्हटलंय की हे स्तोत्र त्याच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, त्याला गथात धरलं तेव्हाचं. गथ म्हणजे गल्याथ या धिप्पाड योद्ध्याचं गाव. ज्याला गोफणीच्या एका दगडात लोळवलं, त्याच्याच गावात आता हा पाचावर धारण बसलेला उभा. पुढच्याच ओळीत ‘मी भिणार नाही’ म्हणतो, आणि आणखी थोडं खाली गेलं की आपली आसवं देवाच्या बुधलीत भरून ठेवायला सांगतो. घाबरला, सावरला, रडला, सगळं एकाच स्तोत्रात. सही न जमलेलं तुझं पत्र यापेक्षा फार वेगळं नाही.

त्या दिवसांत रात्री जाग आली की मी फोन घ्यायचो. जगभरच्या बातम्या, मग बाबांच्या आजाराबद्दल मिळेल ते, मग नोकरीच्या जाहिराती, मग पुन्हा बातम्या. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात; माझं मन तर वैऱ्याला घरी बसवून त्याचं सगळं काम स्वतःच करत होतं. एका रात्री फोनची बॅटरी संपली आणि अंधारात चार्जर सापडेना. टेबलावर एक फाटकं पाकीट पडलं होतं. ते उलटं करून लिहायला लागलो, कशाकशाची भीती वाटते ते. अकरा गोष्टी भरल्या. पहिली, ‘बाबा’. अकरावी, ‘लोक काय म्हणतील’. ती लिहिताना माझं मलाच हसू आलं. पाकिटावर थोडी जागा उरली होती, तिथं काय लिहावं सुचेना, म्हणून लिहिलं, ‘प्रभू, हे बघ.’

त्या रात्रीची माझी प्रार्थना तेवढीच. पाकीट बायबलात ठेवलं आणि आडवा झालो. हिज्कीया राजानं हेच केलं होतं, हे मागाहून वाचनात आलं. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं, त्यानं ते वाचलं, उचलून मंदिरात नेलं आणि परमेश्वरापुढं पसरून ठेवलं. दुसरं राजे, एकोणिसावा अध्याय. त्यानं पुढं चांगली भरघोस प्रार्थना केली हे खरं, पण मला आवडतं ते आधीचं, कागद पसरणं. तुझ्या जिभेवर शब्द येत नाहीत ना? मला चार पानं लिहिलीस की! तीच पानं तिथं पसर.

ते पाकीट वर्षभरानं हाती लागलं. अकरापैकी आठ गोष्टी घडल्याच नव्हत्या. तीन घडल्या, आणि त्यांत पहिली होती. शिवाय त्या वर्षातला सगळ्यात खोल घाव, धाकट्या भावाशी तुटलेलं बोलणं, तो यादीत कुठंच नव्हता. म्हणजे रात्र रात्र जागून मी पहारा दिला तो भलत्याच दाराशी. तेव्हा ‘आठ टळल्या, बघ देव किती चांगला’ असलं काही मी तुला ऐकवणार नाही. बाबा गेले. टळलेल्या आठांपेक्षा प्रार्थना मी त्यांच्यासाठीच जास्त केली होती.

पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि खरं म्हणजे तीच सांगायला बसलोय. भीतीनं मला तो प्रसंग शंभरदा आधीच दाखवला होता. दवाखान्याचा लांब बोळ, बंद दार, पांढरा उजेड. सगळं तंतोतंत तसंच निघालं. फक्त भीतीच्या चित्रात त्या बाकावर मी एकटा होतो. प्रत्यक्षात शेजारी तू होतास. आठवतंय? ‘रात्रभर जागतो तुझ्याबरोबर’ म्हणालास आणि दीडच्या सुमारास माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागलास. बायकांच्या घोळक्यातली एक म्हातारी आपल्याकडं बघून हसली. माझा खांदा बधिर झाला, पण मी हललो नाही. तुला जाग येऊ नये म्हणून नव्हे, वजन बरं वाटत होतं म्हणून.

त्यानंतर मार्कानं लिहिलेल्या येशूचरित्राच्या चौथ्या अध्यायातली ती बोट मला निराळीच दिसायला लागली. वादळ आलंय, लाटा आत येतायत, बोट भरत चाललीय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. ती उशी फक्त मार्कानंच टिपलीय, मत्तयात नाही, लूकात नाही. बोटीत समुद्रावर जन्म काढलेले कोळी होते, म्हणजे धोका खोटा नव्हता. त्यांनी त्याला उठवलं ते काही भक्तिभावानं नव्हे, तक्रारीनं. ‘गुरुजी, आपण बुडत आहोत ह्याची आपल्याला काळजी नाही काय?’ आणि येशूनं काय केलं? आधी वाऱ्याला धमकावलं, समुद्राला म्हणाला, ‘उगा राहा, शांत हो.’ शिष्यांना बोलला तो त्यानंतर. विश्वास कसा नाही म्हणून विचारलंच त्यानं, ते मी लपवत नाही. पण ‘आधी विश्वास दाखवा, मग वारा थांबवतो’ अशी अट घातली नाही. दुसरी गंमत बघ. समुद्र निवल्यावर शिष्यांची भीती गेली असं मार्क म्हणतच नाही. ते अतिशय घाबरले, असं म्हणतो. हा आहे तरी कोण, म्हणून. वादळाएवढीच, कदाचित जास्तच मोठी भीती, पण आता तिचं तोंड लाटांकडून त्याच्याकडं वळलेलं.

आणि तो झोपलेला असतानाही बोटीतच होता. तुला जे वाटतंय ना, देव ऐकतच नाही, गप्प बसलाय, ते शिष्यांनाही तसंच वाटलं होतं.

व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज तूही मला पाठवला होतास, बायबलात ‘भिऊ नको’ बरोबर 365 वेळा आहे, दिवसाला एक. मी एकदा शब्दसूची घेऊन मोजायला बसलो होतो. आकडा त्याच्या आसपासही गेला नाही. जाऊ दे. मोजण्यात वेळ वाया गेला नाही, कारण एक गोष्ट नजरेत भरली. ‘भिऊ नको’च्या पाठोपाठ ‘तुला काही होणार नाही’ हे क्वचित येतं. पुन्हा पुन्हा येतं ते ‘कारण मी तुझ्याबरोबर आहे’. इसहाकाला तेच, याकोबाला थोड्याफार फरकानं तेच, यिर्मया संदेष्ट्याला तेच. यिर्मयाला तर पुढं चिखलाच्या विहिरीत उतरवलं गेलं, हे आपल्याला माहीत आहे.

आता तू म्हणशील, पण काही लोक घाबरत नाहीतच की. असतात. पुढं मेथडिस्ट पंथाचा संस्थापक झालेला जॉन वेस्ली 1736 च्या जानेवारीत जहाजानं अमेरिकेतल्या जॉर्जियाकडं चालला होता, 32 वर्षांचा दीक्षित पाळक, मिशनरी म्हणून. वादळात मोठं शीड फाटलं, पाणी आत घुसलं, इंग्रज प्रवासी किंचाळायला लागले. त्याच जहाजावर मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाची काही जर्मन कुटुंबं होती. त्यांची स्तोत्रगायनाची वेळ होती. ती गातच राहिली. वेस्लीनं नंतर त्यांच्यातल्या एकाला विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? नाही. पण बायकापोरांना? तो म्हणाला, आमच्या बायकापोरांना मरणाची भीती नाही. मला या मोरेव्हियन लोकांचा हेवा वाटतो, पण ओळख पटते ती वेस्लीची. लोकांना विश्वास शिकवायला निघालेला आणि स्वतः मरणाला भ्यालेला, आणि हे त्यानं आपल्या रोजनिशीत उतरवून ठेवलं. ख्रिस्तावरचा भरवसा मनात उतरून त्याचं अंतःकरण ‘ऊबदार’ झाल्याचा तो प्रसिद्ध अनुभव 24 मे 1738 चा. मधे दोन वर्षांहून जास्त काळ गेला. मला आधार वाटतो तो त्या दोन वर्षांचा.

आणि कृपा करून जेवत जा. पत्रात लिहिलंयस, भूक लागत नाही. ईजबेल राणीच्या भीतीनं पळालेला एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. तो खाऊन पुन्हा झोपला, तेही दूतानं चालवून घेतलं. दुसऱ्यांदा उठवलं ते पुन्हा खायलाच. होरेब डोंगरावरचा देवाचा तो मंद, हळू आवाज त्याला ऐकू आला तो चाळीस दिवसांनंतर.

वहिनींना दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय आणि तुला ते अविश्वासाचं वाटतंय, हे वाचून मात्र मी कपाळावर हात मारला. 1527 साली विटेनबर्गमध्ये प्लेगची साथ आली, विद्यापीठ दुसऱ्या गावी हललं, धर्मसुधारक मार्टिन लूथर मागं राहिला. त्याची बायको तेव्हा गरोदर होती. त्या सुमारास त्यानं प्लेगपासून पळावं की नाही यावर एक मोठं पत्र लिहिलं. देवाकडं रक्षण मागेन, मग धुरी देईन, औषध देईन आणि घेईन, जिथं माझी गरज नाही तिथं जाणार नाही. पण शेजाऱ्याला माझी गरज पडली तर जाईन, असा त्याचा सूर. औषध टाळणाऱ्याला तो देवाची परीक्षा पाहणारा म्हणतो. तेव्हा वहिनींना घेऊन जा.

रात्री तीनचं काय करायचं, ते तू विचारलं आहेस. फोन दुसऱ्या खोलीत ठेव, हे मी अनुभवानं सांगतो. नवे शब्द शोधत बसू नकोस. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं तीनदा प्रार्थना केली आणि तिसऱ्यांदाही पुन्हा तेच शब्द, असं मत्तय सांगतो. हा दुःखाचा प्याला टळू दे, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको. देवाच्या पुत्राला त्या रात्री निराळं वाक्य सुचलं नाही, किंवा नकोच होतं. आणि त्याआधी त्यानं तिघा मित्रांना सांगितलं, माझा जीव अतिशय खिन्न झालाय, इथं थांबा आणि जागे राहा. त्याला सोबत हवी होती. एवढं उघड मागितलं त्यानं. ते झोपले ते झोपलेच.

प्रेषित पौलाचंही बघ. करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहितो, मासेदोनियात आलो तेव्हा जिवाला स्वस्थता नव्हती, बाहेर भांडणं, आत भीती. पौल म्हणतोय हे! आणि लगेच पुढं लिहितो की देवानं आमचं सांत्वन केलं, तीत नावाचा सहकारी आल्यानं. दर्शन झालं नाही, आकाशवाणी झाली नाही. एक ओळखीचा माणूस दारात येऊन उभा राहिला.

म्हणून मी सोमवारी रात्री येतोय. रजा टाकली आहे, तिकीट काढलंय, नको म्हणू नकोस. मंगळवारी रिपोर्ट घ्यायला तिघं मिळून जाऊ. वहिनींना सांग, घर आवरत बसू नका, मला बैठकीत गादी टाकली तरी पुरे. तीनला जाग आली तर मला हलव. मीही घोरत असेन बहुतेक, पहिल्या हाकेला उठलो नाही तर जोरात हलव.

तुझाच