पोटगीचा आकडा प्रतिज्ञापत्रात असतो

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

एखाद्या नटाचा घटस्फोट झाला की कोटींचे आकडे छापून येतात आणि पुढचे आठ दिवस लोकलच्या डब्यात ‘पगाराचे २५ टक्के बायकोला द्यावेच लागतात’ हे वाक्य कायद्यासारखे फिरते. असा कायदा नाही. कलकत्ता उच्च न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम रास्त मानली, तेवढेच. जो तो आपापल्या सोयीने हा आकडा उचलतो.

वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात पोटगीचा अर्ज पडला की नवरा-बायको दोघांनाही मिळकत, मालमत्ता आणि कर्जे यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने ते सक्तीचे केले. पगाराचा दाखला, फॉर्म १६, सर्व खात्यांची तीन वर्षांची स्टेटमेंट्स, ठेवी, दागिने, वडिलोपार्जित मालमत्तेतला हिस्सा, लग्नानंतर विकलेली किंवा दुसऱ्याच्या नावे केलेली मालमत्ता, सगळे त्यात येते. पुष्कळ जण अर्जासाठी दहा पाने खर्चतात आणि इथले रकाने कोरे सोडतात. मग समोरच्याला फावते.

पगारपत्रकाचे उदाहरण घ्या. एकूण पगार ८०,००० रुपये. पीएफ, आयकर, व्यवसाय कर अशी सक्तीची कपात १२,०००. पुढे पतपेढीचा हप्ता १५,०००, गाडीचा १३,०००, विम्याचा ५,०००. हातात उरतात ३५,०००. नवरा छातीठोकपणे सांगतो, ‘मला पस्तीसच मिळतात.’ न्यायालय साधारणतः ६८,००० पासून मोजायला लागते, कारण पतपेढीचे कर्ज, गाडी आणि विमा ही स्वखुशीची देणी. अर्ज दाखल झाल्यानंतर काढलेले कर्ज तर हमखास डोळ्यांत भरते. दुसऱ्या बाजूलाही हेच लागू. बायकोने नोकरी लपवली आणि पीएफचे पासबुक समोर आले की तिच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो. खरे तर लपवायचे कारण नसते. कमावत्या बायकोलाही पोटगी मिळू शकते. प्रश्न असतो तो सासरी ज्या राहणीत ती होती, त्या राहणीला तिची मिळकत पुरते का, हा.

तारखा लांबवल्या की पैसे वाचतात, हा आणखी एक लाडका गैरसमज. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते. अर्ज जानेवारी २०२४ च्या सुरुवातीचा, हुकूम जून २०२५ अखेरचा आणि रक्कम महिना १५,००० असेल, तर हुकमाच्या दिवशीच १८ महिन्यांचे २,७०,००० थकलेले असतात.

हिंदू विवाह कायद्याचे कलम २४ खटला चालू असतानाच्या अंतरिम पोटगीचे, कलम २५ कायमच्या पोटगीचे. दोन्ही नवराही मागू शकतो. विशेष विवाह कायद्याखाली मात्र फक्त पत्नी. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. त्याखाली आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीही अर्ज करता येतो. मात्र आधीचा हुकूम उघड करावा लागतो आणि ती रक्कम जमेस धरली जाते. दोनदा मिळत नाही.

हुकूम हातात येणे वेगळे आणि पैसे खात्यात येणे वेगळे. कलम १४४ खाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणत थांबणाऱ्या बायकांचे जुने महिने या मार्गाने हातचे जातात. पोटगी न दिल्याबद्दल नवरा तुरुंगात जाऊन आला म्हणून थकबाकी फिटत नाही. पोटगीच्या दरखास्तीत, म्हणजे हुकमाच्या अंमलबजावणीच्या अर्जात, पगाराचा दोन तृतीयांश भागही जप्त होऊ शकतो. इतर साध्या कर्जांत एवढा होत नाही. नवऱ्यांनीही रोख रक्कम देऊ नये. पावती नसलेला पैसा न्यायालयात दिसत नाही.

परस्पर संमतीने होणाऱ्या घटस्फोटात सगळा भार संमतीच्या अटींवर असतो. ‘पत्नीला २० लाख देण्यात येतील’ एवढेच लिहू नका. किती हप्ते, कुठल्या तारखेला, डिमांड ड्राफ्टने की खात्यात, चुकल्यास व्याज किती, हे हवे. शेवटचा ड्राफ्ट अंतिम जबाबाच्या दिवशी न्यायालयासमोर हाती पडेल असे लिहून घ्यावे. मुलांची पोटगी वेगळ्या परिच्छेदात लिहावी. ती मुलांच्या हक्काची असते, आईने सोडली म्हणून सुटत नाही.

फ्लॅटमधला हिस्सा देणार असाल तर बक्षीसपत्र हुकमापूर्वी करून नोंदवा. पती-पत्नींमध्ये राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, अधिभार वेगळा. घटस्फोटाचा हुकूम झाला की ती पत्नी राहत नाही आणि सवलतही राहत नाही. गृहकर्ज संयुक्त असेल तर बँकेचे पत्र आधी घ्या. तुमच्या अटी बँकेवर बंधनकारक नसतात. त्याने हप्ता थकवला तर नोटीस तिलाही येते.

– एक वकील, दादर, मुंबई